जिन्यावरचे साक्षीदार

गरम पाणी आणायला मी खोलीबाहेर आले, तेव्हा जिन्यावर सहा पुरुष उभे होते. सगळ्यात वरच्या पायरीवर गढीचा कारभारी ड्र्यू, त्याच्या खाली हॅमो लोहार, मग पाणचक्कीवाला वॉटकिन, आणि त्यांच्या मागे आमची तीन कुळे. सगळ्यांनी टोप्या काढून हातात धरल्या होत्या. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस होते, सकाळची वेळ होती, आणि त्या सहा जणांना शेतावर किंवा आपापल्या कामावर असायला हवे होते.

माझी थोरली बहीण ॲव्हिस आदल्या दिवसापासून कळा देत होती. बाळंतिणीच्या मजल्यावर पुरुषांनी यायचे नसते, हे त्यांनाही ठाऊक होते. कोणीही माझ्याकडे बघत नव्हते. मी ड्र्यूला विचारले, इथे काय काम आहे.

"ऐकायला उभे केलंय, बाईसाहेब."

"काय ऐकायला?"

"बाळाचं रडणं. धन्यांच्या भावाचा हुकूम आहे." मग त्याने आवाज खाली आणला. "आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहू."

मी खाली आले. माझे मेहुणे सर फुल्क खिडकीशी उभे होते आणि त्यांचे थोरले भाऊ, मॉर्टलँडचे सरदार रेनाल्ड, टेबलाशी बसून माशाचे काटे काढत होते. मी जिन्यावरच्या माणसांबद्दल विचारले. उत्तर रेनाल्डनी दिले, आणि तेही माझ्याकडे न बघता, एखाद्या लहान मुलीला घराचे नियम सांगावेत तसे.

नियम असा होता. बायको वारली, तर तिची जमीन तिच्या माहेरच्या वारसाकडे जाते. पण तिला नवऱ्यापासून एक जरी जिवंत मूल झालेले असले, मग ते पुढे जगो न जगो, तर नवऱ्याला ती जमीन मरेपर्यंत ठेवता येते. मूल जिवंत जन्मले हे सिद्ध कसे करायचे, तर चार भिंतींच्या आत त्याचे रडणे ऐकू आले पाहिजे. आणि ऐकणारे पुरुष हवेत, कारण राजाच्या न्यायालयात अशा बाबतीत बायकांची साक्ष धरत नाहीत. खोलीत बायका असतात, पुरुषांना आत जाता येत नाही. म्हणून पुरुष जिन्यावर.

"ॲव्हिसला काही झालेलं नाही," मी म्हणाले.

"होऊ नयेच," रेनाल्ड म्हणाले. "पाऊस येऊ नये म्हणून कोणी छप्पर काढून ठेवत नाही."

फुल्कनी तोंड फिरवले. त्यांना लाज वाटत होती हे मला दिसले. पण त्यांनी त्या माणसांना खाली बोलावले नाही, हेही मला दिसले.

त्यांचेही काही चुकत नव्हते. मॉर्टलँडच्या म्हाताऱ्या सरदारांना तीन मुलगे. थोरल्या रेनाल्डना किल्ला आणि जमिनी मिळाल्या, मधल्याला चर्चमध्ये चांगली जागा मिळाली, आणि धाकट्या फुल्कना एक घोडा, एक चिलखत आणि घराण्याचे नाव. बत्तिसाव्या वर्षापर्यंत ते भावाच्या पंगतीला खालच्या टोकाला बसत होते. मग ॲव्हिसशी लग्न झाले. आमच्या वडिलांची स्वतःची जमीन नव्हती, ते दुसऱ्याच्या किल्ल्यावर किल्लेदार होते. पण आईच्या आईने लग्नात थोरल्या नातीच्या नावे थॉर्नकूम करून दिले: गढी, गाव, नदीकाठची कुरणे आणि टेकडीखालची शेते. फुल्कना पहिल्यांदा स्वतःच्या टेबलाच्या वरच्या टोकाला बसायला मिळाले. ॲव्हिसला भाऊ नव्हता. आई-वडील गेले होते. माहेरची वारस म्हणजे मी.

मी लग्नातच बहिणीबरोबर थॉर्नकूमला आले होते. फुल्कना घोडे कळत, जमीन कळत नसे. ॲव्हिसला दोन्ही कळत नसत आणि ते ती हसत सांगायची. त्यामुळे तीन वर्षांत शेतीचे काम हळूहळू माझ्याकडे आले. टेकडीखाली एक आंबट जमिनीचा तुकडा होता, त्यात काही धड उगवत नसे. मी त्याच्या अर्ध्या भागात खाणीतली चुन्याची पांढरी माती पसरली आणि अर्धा भाग तसाच ठेवला. दोन्हीकडे एकच बी, एकाच दिवशी. पहिल्या वर्षी फरक दिसला नाही. दुसऱ्या वर्षी थोडा दिसला. खरे काय ते तिसऱ्या वर्षी कळणार होते. गावातले लोक या तुकड्याला एमेलिनबाईंचं खूळ म्हणत. ते खूळ सोडून मला जगात दुसरे काही नको होते, हे त्या सकाळपर्यंत मला माहीत नव्हते. पाण्याची घागर घेऊन मी पुन्हा जिना चढले, आणि त्या सहा टोप्यांच्या मधून वर जाताना ते माझ्या लक्षात आले.

मूल दुपारच्या आधी झाले. मुलगा होता. गन्हिल्ड दाईने त्याला उलटे धरले, पाठ चोळली, कोमट पाण्यात घातले, मग गार पाण्याचा शिडकावा दिला. तो निळसर होता. मग हळूहळू त्याची छाती हलू लागली. पण आवाज आला नाही. गन्हिल्डने एकदा माझ्याकडे पाहिले आणि लगेच हाताच्या ओंजळीतले पाणी त्याच्या डोक्यावर सोडून बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले. नाव तिला सुचले नाही. मी पहिल्यांदा मनात आले ते सांगितले: ॲम्ब्रोझ. मग तिने त्याला माझ्या हातात दिले, कारण ॲव्हिसचे रक्त थांबत नव्हते आणि तिला दोन्ही हात हवे होते.

काही वेळाने मी त्याला गुंडाळून बाकावर ठेवले. तो गेला होता. तो एकदाही रडला नव्हता.

फुल्कना वर बोलावले तेव्हा ॲव्हिस शुद्धीवर होती. ते सरळ तिच्याकडे गेले. बाकाकडे त्यांनी पाहिले नाही. तिसऱ्या प्रहरापर्यंत ते तिचा हात धरून बसले, आणि तोपर्यंतच ती होती. जिन्यावरचे सहा जण केव्हा निघून गेले ते मला कळले नाही.

गन्हिल्डने फादर ऑस्बर्टना सांगितले की मूल श्वास घेत होते आणि तिने वेळेवर बाप्तिस्मा दिला. फादरनी मायलेकरांना एकाच शवपेटीत, मुलाला आईच्या कुशीत ठेवून पुरायला परवानगी दिली. थडगे चर्चच्या दक्षिणेच्या भिंतीलगत होते.

*

पाच आठवड्यांनी राजाचा जमिनींचा अधिकारी चौकशीला येणार असे कळले. चौकशीला आसपासच्या गावांतले बारा पुरुष शपथेवर बसतात आणि काय घडले ते ठरवतात. रेनाल्ड चार दिवस आधीच येऊन राहिले. बारांपैकी कोण कोण असावेत हे त्यांनी अधिकाऱ्याच्या कारकुनाशी आधीच बोलून ठेवले होते. जिन्यावरचे सहाही त्यात होते.

जेवताना ते मोकळेपणाने बोलत. मी तिथे आहे याने त्यांना फरक पडत नव्हता, कारण कायद्याच्या दृष्टीने मी तिथे नव्हतेच. बारा माणसे आहेत, बाराही जणांनी ऐकलेले असेल, असे ते म्हणाले. फुल्कनी विचारले, खरेच कोणी ऐकले का. रेनाल्डनी पेला खाली ठेवला.

"तुझं काम होतं मूल जन्माला घालायचं, ते तू केलंस. ऐकायचं काम दुसऱ्यांचं आहे."

"गन्हिल्ड म्हणते श्वास होता."

"दाईचं ऐकायचं तर आजवर एकही मूल बाप्तिस्म्याशिवाय गेलेलं नाही. दया येते त्यांना. मेलेल्यालाही पाणी घालतात आणि जिवंत होतं म्हणतात." मग ते माझ्याकडे वळले, त्या चार दिवसांत पहिल्यांदा. माझीही त्यांनी सोय लावून ठेवली होती. ब्रॅमलीच्या मठातल्या मुख्य साध्वी त्यांच्या नात्यातल्या होत्या. मला तिथे जागा मिळेल, बागही मोठी आहे. "तिथं हवी तितकी पांढरी माती पसर," ते म्हणाले, आणि त्यांच्याबरोबरची माणसे हसली.

फुल्क हसले नाहीत. पण मी इथेच राहावे असेही ते म्हणाले नाहीत. विधुर मेहुण्याच्या घरात अविवाहित मेहुणी ठेवता येत नाही, हे त्यांनाही कळत होते आणि मलाही. जमीन त्यांची झाली तर ते पुन्हा लग्न करतील, मी मठात जाईन. जमीन माझी झाली तर मी राहीन आणि ते भावाच्या पंगतीला परत जातील. थॉर्नकूममध्ये एकालाच राहता येणार होते.

चौकशी गावातल्या चर्चमध्ये भरली, कारण तेवढी माणसे मावतील अशी दुसरी जागा नव्हती. मी वेळेआधी जाऊन ॲव्हिसच्या थडग्याशी उभी होते. माती अजून पुरती बसली नव्हती. फुल्क चर्चच्या दारातून बाहेर आले आणि माझ्यापासून दोन पावलांवर थांबले. त्यांनी दाढी केली होती आणि हनुवटीला लागले होते.

त्यांनी प्रथम सांगितले की आत सगळे जमले आहेत. मग सांगितले की गेला महिनाभर त्यांना हा एकच प्रश्न ऐकू येतो, आणि ज्याला विचारावे तो त्यांना हवे असेल ते उत्तर देतो.

"तू मोजून बोलतेस, एमेलिन. कधी वाढवून सांगत नाहीस. तू आत होतीस. तो रडला का?"

"नाही," मी म्हणाले.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

ते थोडा वेळ थांबले. मीही थांबले. त्यांनी आणखी काही विचारले असते तर मी त्याचेही उत्तर दिले असते, असे मी पुढे कितीतरी वर्षे स्वतःला सांगत आले. पण त्यांनी मान हलवली, आभार मानले आणि आत गेले.

आत बायकांना मागे, दाराजवळ उभे राहता येत होते. अधिकारी सडपातळ माणूस होता, त्याला खोकला झाला होता. तो प्रत्येकाला दोन प्रश्न विचारी: काय ऐकलं, आणि त्या दिवसाची आठवण कशावरून आहे. ड्र्यूने सांगितले, रडणे ऐकले, आणि दिवस लक्षात आहे कारण त्याच्या गुडघ्याला जिन्याचा गारठा लागला. हॅमो म्हणाला, ऐकले, स्पष्ट, कोकरासारखे. एक म्हातारा कूळ म्हणाला, आपण त्या वेळी गायीला बाहेर काढत होतो. मग जिन्यावर कसे होतास, असे अधिकाऱ्याने विचारले. आधी गाय, मग जिना, असे तो म्हणाला. वॉटकिन तर म्हणाला की जिन्यावरून त्याने ऐकलेच, पण घरी चक्कीवर त्याच्या बायकोनेही ऐकले.

"चक्की इथून किती लांब?" अधिकाऱ्याने विचारले.

"अर्धा मैल, साहेब."

"चाक चालू होतं?"

"चालूच असतं, साहेब. पण बाईचे कान चांगले आहेत."

लोक हसले. अधिकाऱ्याला हसताना खोकला आला. हे सगळे खोटे कोणालाच टोचत नव्हते. लोकांना फुल्क आवडत होते. ते कोणाची गाय ओढून नेत नसत आणि घोडा आजारी पडला तर स्वतः गोठ्यात येऊन बसत. शेजारच्या गावातल्या सहा जणांनीही ऐकीव म्हणून तेच सांगितले. कारकून लेखणी बुडवून लिहायला वाकला होता, तेवढ्यात फुल्क उभे राहिले.

ते म्हणाले, ही चांगली माणसे आहेत आणि आपल्यावरच्या मायेने बोलत आहेत. त्यांना शपथ मोडल्याचे पाप लागू नये. "मूल रडलं नाही. हे मला अशा व्यक्तीकडून कळलंय जिच्यावर माझा विश्वास आहे."

रेनाल्डनी त्यांची बाही धरून खाली ओढले. फुल्कनी हात सोडवून घेतला. कारकुनाने लेखणी बाजूला ठेवली आणि कागद सरळ केला. अधिकाऱ्याने बाराही जणांना पुन्हा विचारले. या वेळी कोणीच काही ऐकलेले नव्हते. ड्र्यू म्हणाला, कदाचित दार करकरले असेल.

कारकुनाने लिहिले आणि ते लॅटिनमधून मोठ्याने वाचून दाखवले. वडिलांनी मला थोडे लॅटिन शिकवले होते. मूल रडले नाही, असे त्यात नव्हते. मूल जिवंत जन्मले नाही, असे होते. कारकुनाच्या दृष्टीने दोन्ही एकच होते, अधिकाऱ्याच्याही, आणि तिथे असलेल्या प्रत्येक पुरुषाच्या. ते एक नाही हे त्या चर्चमध्ये फक्त मला ठाऊक होते. गन्हिल्ड शेजारच्या खोऱ्यात एका बाळंतपणाला गेली होती. मी दाराशी उभी होते. बोलायला वेळ होता. मी तो जाऊ दिला, आणि थॉर्नकूम माझे झाले.

*

पुढे काय होणार याचा मी विचारच केला नव्हता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी फादर ऑस्बर्टनी केला. ते वाईट माणूस नव्हते, फक्त घाबरट होते. राजाच्या कागदावर मूल मृत जन्मले असे लिहिले गेले होते. मृत मुलाला बाप्तिस्मा लागू होत नाही. बाप्तिस्मा नसलेल्याला पवित्र जमिनीत ठेवता येत नाही. बिशपच्या माणसाच्या कानावर हे गेले तर फादरनाच जाब द्यावा लागला असता.

त्यांनी दोन माणसे लावून थडगे उघडले. मी गेले नाही. पण माझ्या खोलीच्या खिडकीतून चर्चचे आवार दिसते. छोटे गाठोडे उत्तरेच्या भिंतीपलीकडे नेले, जिथे खाजकुयली माजलेली असते आणि आत्महत्या केलेल्यांना पुरतात. खड्डा खणायला फार वेळ लागला नाही.

गन्हिल्ड परत आली ती थेट फादरच्या बोलावण्यावर. मेलेल्या मुलाला बाप्तिस्मा देणे म्हणजे धर्मसंस्काराची चेष्टा. तिला तीन रविवार अनवाणी, हातात मेणबत्ती घेऊन लोकांसमोर उभे राहायची शिक्षा झाली, आणि पुढे दाईचे काम करायला बंदी. तिने त्या खोऱ्यात दोनशेच्या वर मुले जन्माला आणली होती. मीही त्यांतलीच, ॲव्हिसही. आजीच्या घरी आमच्या आईचे बाळंतपण तिनेच केले होते.

ती माझ्याकडे आली. मी धान्याच्या कोठीत होते. ती दारातच उभी राहिली.

"तुम्ही होतात तिथं," ती म्हणाली.

मी तिला सांगितले की मला रडण्याबद्दल विचारले होते. मूल रडले नव्हते.

गन्हिल्डने थोडा विचार केला. ती रागावेल असे मला वाटले होते. पण एखादे दुखणे नेमके कुठे आहे ते चाचपावे तसे तिने माझ्याकडे पाहिले.

"आणि तुम्ही पुढं काही सांगितलं नाहीत."

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

फुल्क चौथ्या दिवशी निघाले. रेनाल्ड चौकशीच्या दिवशीच रागाने निघून गेले होते. पण जाताना त्यांनी सांगून ठेवले होते की फ्रान्सच्या लढाईला जाणाऱ्या त्यांच्या तुकडीत जागा आहे, यायचे तर ये. फुल्कनी गढीतून स्वतःचे तेवढे घेतले: घोडा, चिलखत, ॲव्हिसने शिवलेले दोन सदरे. उरलेल्या वस्तूंची यादी करूया असे मी म्हटले, तर ते म्हणाले, तू केली असशीलच.

फाटकाशी निरोप द्यायला मी आणि ड्र्यू होतो. त्यांनी ड्र्यूला काहीतरी आणायला आत पाठवले. घोड्याचा पट्टा त्यांनी तपासला, तो घट्टच होता, तरी पुन्हा आवळला. मग घोड्याच्या मानेकडे बघत त्यांनी विचारले.

"मी त्या दिवशी त्याच्याकडे बघितलंच नाही. ॲव्हिसला सोडून मला हलता आलं नाही. आणि मग तो गुंडाळलेला होता. कोणासारखा होता तो?"

"कपाळ ॲव्हिसचं," मी म्हणाले. "डोळे तुमचे. करडे."

माझ्या तोंडून हे निसटले, असे मला म्हणता येणार नाही. त्यांनी विचारले आणि मी बरोबर उत्तर दिले, इतकेच. पुढे बरीच बाळे पाहिली तेव्हा कळले की जन्मतः बहुतेकांचे डोळे तसेच असतात. पण त्या वेळी ते मला फुल्कचेच वाटले होते.

त्यांचा हात घोड्याच्या मानेवर होता तिथेच राहिला.

"डोळे," ते म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले.

"उघडे होते?"

"हो."

"तो बघत होता?"

"बघत होता की नाही ते सांगता येत नाही. उघडे होते. श्वास चालू होता. गन्हिल्डने खरं सांगितलं होतं."

"आणि रडला नाही."

"नाही. ते मी खरं सांगितलं."

"तू नेहमीच खरं सांगतेस," फुल्क म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी एकदा गढीकडे पाहिले, छपरापासून खाली दारापर्यंत, आणि मला वाटले, आता ते रेनाल्डच्या मागे माणूस पाठवणार. अधिकारी दोन दिवसांच्या वाटेवर होता. कागद बदलता आला असता. मला ते स्पष्ट दिसत होते, आणि मी काय करू शकते तेही मी मनात मांडत होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

"तो कागद आहे तसा राहू दे," ते म्हणाले. "मी पुन्हा त्या बारा जणांसमोर उभा राहणार नाही. पण तू आता माझ्याबरोबर फादरकडे चल. मला सांगितलंस ते त्यांना सांग."

आम्ही चालत गेलो. घोडा त्यांच्या मागून येत होता. फादर ऑस्बर्ट वाटाणे निवडत होते. मी उभ्याउभ्याच सांगितले: श्वास कसा सुरू झाला, पाणी केव्हा घातले, डोळे केव्हा उघडले. फादरचा चेहरा पडला. ते म्हणाले, पण राजाच्या कागदात तर उलटे लिहिले आहे. मी म्हणाले, राजाच्या माणसांनी रडण्याचे विचारले. तुम्ही श्वासाचे विचारा. शपथेवर सांगते.

"बाईची शपथ..." फादर म्हणू लागले.

"इथं न्यायालय नाही, फादर," फुल्क म्हणाले. "इथं मी आहे. मुलाचा बाप."

फादर वाटाण्याची परात बाजूला ठेवून उठले. गन्हिल्डची शिक्षा रद्द झाल्याचे त्यांनी पुढच्या रविवारी व्यासपीठावरून सांगितले, पण इतक्या हळू आवाजात की मागच्यांना ऐकू आले नाही. त्यानंतर मी तिला प्रत्येक बाळंतपणाला गढीचे खेचर पाठवत राहिले. ती खेचर घेई. माझ्याशी बोलत नसे.

पन्नाशी ओलांडल्यावर मला कळले ते इथेच सांगून टाकते. नदीकाठच्या कुरणाच्या वादात एक वकील आमच्याकडे उतरला होता. त्याला मी सहज विचारल्यासारखे करून विचारले. तो म्हणाला, रडणे हा फक्त पुरावा. मूल जिवंत असल्याचे दुसऱ्या कशाने सिद्ध झाले तरी नवऱ्याचा हक्क लागू होतो. मुकी मुले जन्मत नाहीत का, असे तो म्हणाला. म्हणजे थॉर्नकूम फुल्कचे होते. ते जिवंत असेपर्यंत, आणखी नऊ वर्षे, मी त्यांच्या जमिनीवर राहत होते. नऊ वर्षांनी ते बोर्दोजवळ तापाने वारले. बातमी रेनाल्डच्या माणसाने आणली, मेंढ्या विकायला आला होता तेव्हा.

आम्ही फादरकडे गेलो त्या दिवशी उत्तरेच्या भिंतीपलीकडचा खड्डा फुल्कनी स्वतः खणला. दुसऱ्या कोणाला फावडे दिले नाही. खाजकुयलीने त्यांच्या मनगटांवर लाल चट्टे उठले. गाठोडे त्यांनी एका हातावर घेऊन चर्चला वळसा घातला आणि दक्षिणेच्या भिंतीशी आणले. थडगे फार खोल उघडले नाही. फादरनी जेवढे म्हणायचे तेवढे म्हटले आणि ते आत गेले. मी माती लोटायला मदत करू लागले, तर फुल्कनी नको म्हणून हात केला. सगळी माती बसवून झाल्यावर ते उठले आणि गुडघे झटकले.

"किती वेळ होता तो?" त्यांनी विचारले.

"वेळ सांगता येत नाही. गन्हिल्डने माझ्या हातात दिल्यापासून मी श्वास मोजले."

"किती?"

"एकशे बारा."

त्यांना आश्चर्य वाटले नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि थडग्याकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटले ते प्रार्थना करत आहेत, म्हणून मी दोन पावले मागे सरले. मग माझ्या लक्षात आले की त्यांचे ओठ प्रत्येक श्वासाला एकदाच हलतात. ते मोजत होते. सावकाश, मोठ्या माणसाचा श्वास असतो तसा, आत घेऊन पूर्ण बाहेर सोडलेला. मागे घोडा गवत ओरबाडत होता. मीही मोजू लागले, मला राहवले नाही.

नुकत्याच जन्मलेल्या मुलाचा श्वास मोठ्या माणसाच्या अडीच पट वेगाने चालतो. फुल्क तिथे जितका वेळ उभे होते, त्याच्या निम्मासुद्धा वेळ त्यांचा मुलगा जगला नव्हता.

एकशे बाराव्या श्वासाला ते थांबले आणि टोपी घातली.

"बराच वेळ होता की," ते म्हणाले.

मी हो म्हणाले.